माहेर विचारणाऱ्या बाई

डॉ. निर्मलाताईंना दिग्रस परिसरात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांची माझी ओळख त्यांच्या दवाखान्यातच झाली. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. फवारणीची औषधं आणि स्तनांचा कर्करोग यांचा काही संबंध दिसतो का, या अभ्यासासाठी रुग्ण स्त्रियांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी शेजारी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “विचारा तुम्ही. मी ऐकते.”

समोर वंदनाताई बसल्या होत्या. वय चाळिशीच्या आत, गाठ बरीच वाढलेली. (त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे; नावं बदलली आहेत.) मी विचारलं, “तुम्ही फवारणी करता?”

“नाही जी. ते माणसायचं काम.”

मी पुढच्या प्रश्नाकडे वळत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “अन् फवारणीचे कपडे कोन धुते?”

“मीच. अन् कोन धुईन? हातानंच रगडतो. वास जातच नाही.”

लग्न झाल्यापासून दर हंगामात, उघड्या हातांनी. माझ्या प्रश्नातून हे सगळं निसटलं असतं. मी सावरून पुढे विचारलं, “घरात कुणाला हा आजार होता?”

“कोनालेच नाही.”

माझ्या लेखी आनुवंशिकतेचा मुद्दा संपला होता. बाईंच्या लेखी तो सुरूच झाला नव्हता.

“तुहं माहेर कोनतं?”

“फुलसावंगी.”

“तिथं कोनाले?”

“मायले काही नाही.”

“आत्याले?”

“दोघी गेल्या. दोघीयले छातीतच गाठ. पन बाई, त्या तं माहेरच्या. ह्या मॅडमनं घरचं इचारलं.”

लग्न झालेल्या बाईचं घर म्हणजे सासर. रक्त मात्र माहेरचं. आणि आत्यांचा आजार वडिलांच्या वाटेने येऊ शकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोरच्या माणसाला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, “पण रसायनंही कारण असू शकतील.” बाई म्हणाल्या, “असतीलही. ‘कपडे असे धुऊ नको’ हे सांगायला पुराव्याची वाट पाहायला नको. ‘तुझा आजार त्यानेच झाला’ असं म्हणायला मात्र पुरावा हवा.” तेव्हापासून मी याच शिस्तीत काम करते.

वंदनाताईंच्या तपासणीत जनुकातला घातक बदल सापडला. बाई मला घेऊन बसने फुलसावंगीला गेल्या. वंदनाताईंच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. “बायायचा आजार. माणसातून कसा जाईन?” बाईंनी समजावलं, की पुरुषाला याचा त्रास क्वचितच होतो, पण दोष त्याच्याकडूनही पुढे जातो.

“म्हंजे म्या देल्ला पोरीले?”

माझ्याकडे अचूक उत्तर होतं: प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. त्या घरात ते उच्चारण्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, “नाकही तुमचंच देल्लं, आबाजी. निवडून देता येते काय कोनाले? आता धाकटीले बलवा.”

वंदनाताईंच्या धाकट्या बहीण मंगलाताई शिवणकाम करतात. “मले कायले तपासता? म्या तं फवारणीचे कपडे कधी धुतलेच नाही!” असं हसत त्या आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता. गाठ होती. लहान; त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता.

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण सुरुवातीची. शस्त्रक्रिया झाली. मंगलाताई पुन्हा मशीनवर बसतात. वंदनाताईंचे उपचार अजून चालू आहेत.

पुढे वंदनाताईंच्या गावच्या सभेत बाईंनी पुरुषांना सांगितलं, “ज्यानं फवारलं, त्यानंच कपडे धुवावे. हातमोजे घालून, वेगळे.” मागून एकजण ओरडला, “मंग सैपाकबी आमीच करावं काय, बाई?” बाई म्हणाल्या, “करा नं. पन आधी हात धुवा.” वंदनाताईंच्या यजमानांनी मात्र मान खालीच ठेवली होती. सभा संपल्यावर ते आमच्याजवळ आले. “वास येते म्हनून मीच तिच्यावर चिडत होतो, का नीट धुत नाही,” एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. सोबत आणलेले हातमोजे त्यांच्या हातात ठेवले.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्या अजूनही रोज दवाखान्यात बसतात आणि प्रत्येकीला आधी माहेर विचारतात. त्यांच्या प्रकृतीची काळजी आता आपण सर्वांनी घ्यायला हवी. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं मला मनापासून वाटतं. ते शब्दांत मांडणं मला नीट जमत नाही. म्हणून मंगलाताईंना विचारलं, बाईंसाठी काय लिहू? मशीन न थांबवता त्या म्हणाल्या,

“बाईले म्हना, शंभरी गाठा. आमाले तेवढीच एक गाठ चालते.”