वीस अंशांची बियर

माझ्या हातची आल्याची बियर आजवर कोणीही एका घोटाच्या पुढे प्यायलेलं नाही, मला धरून.

गेल्या हिवाळ्यात मात्र मी हट्टाला पेटलो होतो. आलं, साखर आणि यीस्ट बादलीत घालून बियर घरीच आंबवायची, आणि तीही बरोबर वीस अंशांवर! त्यासाठी गोठ्याला लागून असलेल्या खोलीतला जुना फ्रीज मी ताब्यात घेतला आणि त्याला तापमानाचा कंट्रोलर जोडला. त्याची वायर बादलीला चिकटवली. वायरीला गरम लागलं की फ्रीज चालू, गार लागलं की आत लावलेला बल्ब चालू. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोच फ्रीज म्हशीच्या दुधासाठी हवा होता. शेवटी माझ्या बायकोने, मंगलने, निवाडा केला. रविवारी तिचा धाकटा भाऊ सतीश चंदगडहून येणार होता. त्याने पुरा ग्लास संपवला तर फ्रीज माझा, नाहीतर आबांचा.

पहिल्याच संध्याकाळी कंट्रोलरवरचा आकडा एकदम तिसावर गेला. फ्रीज घरघरत राहिला, बादली गारठली आणि यीस्ट झोपी गेलं. सकाळी पुन्हा तोच प्रकार. कंट्रोलर विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, आधी वायर कुठे टेकते ते बघा. मला, एका इंजिनिअरला, हा वायर बघायला सांगतो! मी थेट सेटिंगमध्ये शिरलो आणि यापुढे दहा अंश कमी धरायचे, अशी कंट्रोलरला तंबी दिली. (फॅक्टरीत मी हाताखालच्या लोकांना 'आधी तपासा, मग बदला' हेच शिकवतो.)

त्यानंतर कंट्रोलरला वीस अंशही दहाच वाटू लागले आणि बल्ब विझेचना. यीस्ट खडबडून जागं झालं आणि शनिवारी बादलीचं झाकण उडून छताला लागलं. मी फडकं घेऊन धावलो, तेवढ्यात आबा गोठ्यातून धारोष्ण दुधाची चरवी घेऊन आले. त्यांनी शांतपणे फ्रीज उघडला आणि गरम चरवी बादलीला, नेमकी वायरीवर टेकवून ठेवली.

"आबा, हे कधीपासून चाललंय?"

"पैल्या दिवसापास्नं. फ्रीजमदी दूध न्हाय ठेवायचं, तर काय म्हस ठेवायची?"

"पण निवाडा रविवारी ठरलाय ना?"

"निवाडा रविवारी हाय. दूध रोज निघतंय."

तरीही मी माघार घेतली नाही. उरलेली बियर गाळली, थंड केली आणि रविवारी सतीशपुढे ठेवली. त्याने एक घोट घेतला.

"दाजी, खोकल्याला चांगलं हाय," तो म्हणाला आणि ग्लास हळूच लांब सरकवला.

जेवताना मात्र त्याने दह्याच्या तीन वाट्या रिचवल्या. एवढ्या थंडीत असं घट्ट, गोड दही कुणी लावलं, असं त्याने विचारलं. मंगलने माझ्याकडे बोट दाखवलं. थंडीमुळे स्वयंपाकघरात दही लागत नव्हतं, म्हणून तिने विरजणाचं भांडं गुपचूप माझ्या बल्बाशेजारी सरकवलं होतं!

फ्रीज अर्थातच आबांकडे गेला. चारच दिवसांत चंदगडहून सासूबाईंचा फोन आला, तिकडेही थंडीने दही लागत नव्हतं. मी बल्ब आणि कंट्रोलर पिशवीत घातले आणि एसटीत बसलो. माझ्या पदवीला सासुरवाडीत एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता.