आप्पांनी सोडवलेली हिरवी वायर

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या छातीत, कातडीखाली, एक डबी बसवली आहे. हृदयाचे ठोके भलतेच बिघडले, तर ती आतून झटका देऊन ते ताळ्यावर आणते. मी कॉमर्सची. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, म्हणून डॉक्टरांचं बोलणं मलाच समजून घ्यावं लागतं.

या उन्हाळ्यात बोअरच्या नळाखाली आंघोळ करताना आप्पा ओरडून खाली बसले. डबीनं झटका दिला होता. चक्कर नाही, धडधड नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच, तिथंच.

"दुसऱ्याची काढलेली डबी घातलीय मला," आप्पा म्हणाले. "काढून टाका म्हणावं."

आई म्हणाली, "म्हशीचं दात बगून घेता, तशी डबी बगून घ्यायची हुती की!"

मला हसू आलं. पण संशय मलाही होताच. डबी नवी होती, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं होतं? आणि ती काढली, अन् ठोके खरंच बिघडले, तर?

दवाखान्यात डॉक्टरांनी डबीतली नोंद पडद्यावर पाहिली. ते काही लपवतात का, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"ठोके नीट होते," ते म्हणाले. "बाहेरचा करंट अंगात आला. डबीला वाटलं, ठोकेच बिघडले. नळाला करंट उतरतो का?"

"कसा उतरंल, सायेब? तुमीच म्हणाला, करंटपासून लांब ऱ्हावा. मोटरची हिरवी वायर नळापाशी जमिनीत जात हुती. ती मी कवाच सोडवून टाकली."

डॉक्टर म्हणाले, "अहो, ती अर्थिंगची. मोटरमधून गळणारा करंट तीच जमिनीत नेत होती. ती सुटली, मग तो नळाला आला."

"तरीच भांडी घासताना बोटाला झिणझिण्या येत हुत्या," आई म्हणाली. "मला वाटलं, वय झालं."

वायरमननं मोटर दुरुस्त केली, हिरवी वायर पुन्हा जोडली. त्यानंतर झटका आलेला नाही. डबी काढायचं आप्पा आता बोलत नाहीत. पण रोज मोटर चालू असताना मला नळाला टेस्टर लावायला सांगतात. दिवा लागत नाही.

"टेस्टर तरी नीट हाय का?"

मग मी तो बोर्डात घालून पेटवून दाखवते आणि मोटर बंद करते. तेव्हा कुठे आप्पा बादलीत तांब्या बुडवतात.