उन्हात रंग पाहणारे मॅचिंगमामा

आमचे मॅचिंगमामा दुकानात बसून कधीच रंग जुळवत नाहीत. साडी हातात आली की गिऱ्हाइकाला घेऊन ते सरळ फुटपाथवर, उन्हात जाऊन उभे राहतात. काचीगुडा स्टेशनकडे निघालेल्या ऑटोवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला तरी त्यांची नजर पदरावरून हलत नाही. "ट्यूबलाईट झूट बोलते, ताई," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. सूर्य कलल्यावर ते फॉल देतील, अस्तर देतील, पण ब्लाउजपीस मागितला की हात जोडतात. "आता नक्को. उद्या दहाला या."

मामांचे आजोबा आणि वडील इथेच सरकारी कचेरीत होते. यांनीच एकट्यांनी कापडाचं दुकान काढून घरच्यांची नाराजी ओढवून घेतली. आमच्याशी मराठी, बाकीच्या बायकांशी तेलुगू, आणि राग आला की सगळ्यांशी दखनी. माल न विकण्याची त्यांना फार हौस! मी एकदा पोपटी रंगासाठी हट्ट धरला, तर म्हणाले, "हौ, देतो. पण यात तुम्ही आजारी दिसाल." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण त्यांचंच बरोबर होतं.

मग सगळ्या बायका फोनवर कापड मागवायला लागल्या. मामांच्या फळ्यांवरच्या, ब्लाउजच्या रुबिया कापडाच्या ताग्यांवर धूळ बसली आणि मामा एकच वर्तमानपत्र दिवसभर वाचू लागले. फोनवर मागवलेला माल घरोघरी पोचवणाऱ्या पार्सलच्या एका कंपनीला तो गाळा हवा होता आणि मामांचा करार संक्रांतीला संपत होता. "बंद करतो, ताई. घरी टीव्ही बघत बसीन," असं ते म्हणाले तेव्हा मला भरून आलं. म्हणून मी त्यांना चांगलंच झापलं.

त्याच मार्गशीर्षात माझ्या भाचीचं, ऋचाचं लग्न होतं. ही पुण्याहून इथे हायटेक सिटीत नोकरीला आलेली. तिला आईची डाळिंबी साडी नेसायची होती. आई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ऋचाने साडीचा फोटो काढून तीनदा ब्लाउजपीस मागवला. फोनवर अगदी तोच रंग. पाकीट फोडलं की एक विटकरी, दुसरा गुलाबी, तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. ती चौथा मागवायला बसली तेव्हा मी तिला दंडाला धरून मामांकडे नेलं.

मामांनी उन्हात साडी उलगडली. पदराकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेला खोचतात ते टोक शोधून काढलं.

"कोणाची, बेटा?"

"आईची. ती नाहीये आता."

मी फोटोची आणि तिन्ही पाकिटांची गोष्ट सांगितली, तसे मामा तिला म्हणाले, "फोटो पदराचा काढला ना? तो रंग उतरलेला आहे. त्याला जुळवलं तर साडी जुनी दिसते. हे टोक कधी उन्हात गेलं नाही. आईने घेतली तेव्हा अशी होती बघ. ब्लाउज याला जुळवायचा."

त्यांनी पाच तुकडे आणले, चार स्वतःच नापास केले आणि पाचवा ऋचाच्या खांद्यावर साडीशेजारी ठेवला. साडी एकदम नवी दिसायला लागली. माझ्यासमोर माझी बहीण उभी होती. ऋचाने दुकानाच्या दारातल्या आरशात पाहिलं आणि ती भर फुटपाथवर रडायला लागली. गडबडलेल्या मामांनी तिला डोळे पुसायला हाताला लागलं ते अर्धा मीटर अस्तर दिलं.

लग्नात ऋचाच्या मैत्रिणी नवरदेवापेक्षा त्या ब्लाउजकडेच जास्त बघत होत्या. पुढच्या शनिवारी त्यांतल्या अकराजणी मेट्रोने काचीगुड्याला आल्या, प्रत्येकीच्या पिशवीत आईची नाहीतर आजीची साडी. त्यानंतरच्या शनिवारी त्यांच्या मैत्रिणी आल्या. उन्हात रांग लागली. आपला नंबर येईपर्यंत बायका एकमेकींच्या साड्या बघायच्या, ती नेसणारी कशी होती ते सांगायच्या. मामांचं वर्तमानपत्र दिवसभर घडी न मोडता पडून राहायला लागलं.

संक्रांतीला गाळ्याचे मालक आले. मामांनी पाच वर्षांचा नवा करार केला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी! वर मालकांना म्हणाले, "त्या पार्सलवाल्यांना शेजारचा गाळा द्या की. रिकामाच आहे."

त्यांनी तो घेतलाही. गेल्या आठवड्यात मी मामांकडे बसले होते. शेजारी पार्सलवाल्यांच्या गाळ्यात एक मुलगी फोनवर मागवलेल्या ब्लाउजपीसचं पाकीट परत करायला आली होती आणि रंगावरून तावातावाने भांडत होती. तिथे काउंटरवर काम करणाऱ्या पद्माने पाकीट घेतलं आणि अंगठा आमच्या दिशेने केला. "पक्कने, अम्मा! बाजू में मामा हैं. साडी लेके जाओ."

मुलगी आमच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मामा चष्मा पुसत उठले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चालू दे त्यांचं, ताई. माझी गिऱ्हाइकं घराघरांतून गोळा करून इथपर्यंत तेच आणतात."