बैलांचा ट्रक

फौजेतून परतलेल्या माणसानं झेंडावंदनाला छाती काढून उभं राहावं आणि बाकी वर्षभर गप्प बसावं, एवढीच गावाची अपेक्षा असते. पेडगावचे राधाकिशन हवालदार या अपेक्षेत कधी बसले नाहीत.

त्यांची सारी नोकरी यांत्रिकी पायदळाच्या ब्रिगेडमध्ये, जवानांना नेणारी चिलखती गाडी चालवण्यात गेली. गावाला वाटे, ड्रायव्हर तो ड्रायव्हर. मग हवालदार तावातावानं सांगत. ब्रिगेडमध्ये रणगाडे असतात, तोफा असतात, बिघडलेली गाडी ओढून आणणारेही असतात. पण रणगाड्यानं घेतलेली जमीन राखायला शेवटी माणूसच उतरावा लागतो. म्हणून तर त्याला चिलखतात बसवून रणगाड्याच्या बरोबरीनं नेतात. मागचे जवान नीट बसल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

असा माणूस यंदा ऊसतोडीच्या हंगामात मुकादम योगीराजच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. टोळी कारखान्याकडे निघायची होती. ताडकळसच्या फाट्यावर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मागच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, सरपण, आणि त्या ढिगावर बायका-लेकरं. अगदी कडेला हवालदारांची पुतणी दैवशाला, मांडीवर तान्हं पोर. धरायला काही नाही.

शेजारी ट्रकमध्ये मुकादमाचे बैल. खाली कडबा अंथरलेला, दोन्ही बाजूंनी दावी बांधलेली, सोबतीला एक गडी.

हवालदारांचं डोकं फिरलं. ट्रॅक्टर बंद करून ते खाली उतरले आणि माणसं ट्रकमध्ये घ्या म्हणाले. मुकादम हसला. दरसाल अशीच नेतो, इथं काय लढाई चाललीय, असं त्याचं म्हणणं.

"लढाईत बी माणसं अशी नेत न्हाईत, मुकादम."

"बैलाचा पाय मोडला तर हंगाम बुडतो, हवालदारसाब."

हे बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही. हवालदारांना त्याहून जास्त संताप आला तो ट्रॉलीतल्या माणसांचा. कुणी चकार शब्द काढला नाही. म्हातारी नर्मदाबाई तर उलट त्यांनाच म्हणाली, उगी खोळंबा करू नका. बैलाची किंमत मुकादमाला कळावी हे ठीक; पण आपली किंमतही या लोकांनी त्यालाच ठरवू द्यावी?

मुकादमानं किल्ली मागितली. हवालदारांनी ती खिशात घातली. तेव्हा पालमहून दुसरा ड्रायव्हर बोलावतो म्हणत त्यानं मोबाईल काढला. हवालदार सरळ मागच्या ट्रॉलीपाशी गेले आणि हात वर केले.

"दैवशाला, लेकरू दे इकडं."

ती घाबरून मुकादमाकडे बघत राहिली. मग तिनं पोर काकांच्या हातात दिलं आणि स्वतः खाली उतरली. तिच्यामागून बाकीच्या बायका उतरल्या, शेवटी पुटपुटत नर्मदाबाईसुद्धा. आता रिकाम्या ट्रॉलीला ड्रायव्हर आणून मुकादम करणार काय?

बैल खाली आले, माणसं कडब्यावर बसली. हवालदारांचं काम तिथंच गेलं.

आणि बैलांसाठी दुसरा ट्रक मुकादमानं तिथल्या तिथं, एका फोनवर मागवला.