हिरव्याचं पिवळं होताना

नगररचनेच्या ऑफिसात बाकी काही मिळो न मिळो, किस्से भरपूर मिळतात. माळ्यावरच्या नकाशांसारखे ते साठत जातात. एक गुंडाळी ओढायला जावं तर चार अंगावर पडतात!

सत्तरच्या दशकात मी पिंपरीला ट्रेसर होते. मूळ नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि रेघा गिरवायच्या. पिंपळे सौदागरकडे तेव्हा नुसती ज्वारी डोलायची. मग नियम बदलला आणि तिथे घरं बांधायला परवानगी मिळाली. आता घरं आली की रस्ता आला, गटार आलं, पाण्याची लाइन आली. हा सगळा खर्च एकट्या सरकारने का करायचा? प्लॉट पाडून विकणाऱ्यानेही वाटा उचलायचा! तो वाटा किती, याचा अंदाज आमचे साखवळकर साहेब काढायचे. हळू आवाजाचा, शांत माणूस.

*

नकाशावर शेतीचा रंग हिरवा, घरांचा पिवळा. नवा नकाशा रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी रंगवतेय, रंगवतेय, आणि मध्येच बाटली रिकामी.

"साहेब, पिवळा संपला!"

साहेब येऊन उभे राहिले. अर्धं शिवार पिवळं, अर्धं अजून हिरवंगार. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "राहू दे बाई. आज एवढंच शहर पुरे."

*

नझीरभाईंचं आकुर्डीला गॅरेज होतं. साठवलेल्या पैशातून त्यांनी त्या पट्ट्यात जमीन घेतली आणि प्लॉट पाडायला परवानगी मागितली. साहेबांनी त्यांचा वाटा सांगितला.

"गटार कुठाय साहेब?"

"येणार आहे."

"रस्ता?"

"तोही येणार आहे."

"पाणी?"

"येणार की!"

"मग माझे पैसे पण येणारच आहेत," नझीरभाई म्हणाले. "सगळे मिळून येतील!"

*

रस्त्याची आखणी करायला आम्ही शिवारात गेलो. बांधावर गावातले एक म्हातारे तात्या उभे होते.

"काय चाललंय म्हनायचं?"

"रस्ता येणार आहे, तात्या."

"कुठनं जानार?"

साहेबांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "तुम्ही उभे आहात ना, तिथून."

तात्या लगबगीने दोन पावलं बाजूला झाले. धोतर सावरून म्हणाले, "मंग जाऊ द्या की! आमी न्हाई आडवत."

*

प्लॉट पाडणाऱ्याने बागेसाठी मोकळी जागा सोडायची, असाही नियम होता. नझीरभाईंचा नकाशा आला. मी ट्रेस करायला घेतला, तर बाग थेट पवनेच्या पात्रात!

साहेबांनी बोलावून विचारलं, "नझीरभाई, ही बाग?"

"साहेब, झाडांना पाणी घालायची कटकटच नको!"

साहेब हसले, पण बाग काठावर आणायला लावली.

*

पुढे नियम पुन्हा बदलला. एका मजल्याच्या जागी तीन मजले चालतील, असं ठरलं. माणसं वाढणार, म्हणजे पाइप जाड लागणार, म्हणजे प्रत्येकाचा वाटाही वाढणार. चाकणकडचे एक शेटजी तावातावाने आले.

"मी एकच मजला बांधणार. वरच्या दोघांचं मी का भरू?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पाया किती मजल्यांचा खणलाय?"

शेटजींनी पाणी मागितलं.

*

नझीरभाई मात्र खरोखरच बिथरले. "एवढं मला झेपणार नाही. मी अर्ज मागे घेतो, जमीन विकून टाकतो." आणि ते हटले असते, तर त्या बाजूची पाण्याची लाइनच अडली असती. साहेब एवढंच म्हणाले, "जागेवर या, तिथे बोलू."

हिवाळ्यातली दुपार होती. ज्वारी काढून झाली होती, सगळीकडे नुसती धसकटं. दूरवर एक घर नाही, माणूस नाही. वाऱ्यावर कुठूनसा गुळाचा वास येत होता. नझीरभाई स्कूटरवरून आले. शेतातून फटफटत थेट आमच्याजवळ आणली, बंद केली आणि उतरल्या उतरल्या सुरू झाले.

"जाड पाइप! कुणासाठी साहेब? कोण राहतंय इथं? एक माणूस दाखवा मला! एक दाखवा, मी आत्ता भरतो!"

साहेब त्या मोकळ्या रानाकडे बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, नझीरभाई. पोरं झोपलीयत."

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. नझीरभाईंनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. धसकटांतून वारा सळसळत गेला.

मग ते साहेबांच्या जवळ सरकले आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "जाडच टाका साहेब. भरतो मी."

सलाम करून ते वळले. स्कूटरला किक मारायला पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला. हँडल धरलं आणि ती जड स्कूटर धसकटांतून हाताने ढकलत, पार सडकेपर्यंत घेऊन गेले.