कॉलरवालीचा गुडघा

पायजम्यात पाय घालणं हे काय काम आहे? शेंबडी पोरंसुद्धा घालतात. पण सातवा महिना लागल्यापासून कॉलरवालीची सकाळ तिथेच अडायची. उजव्या पायावर भार देऊन डावा उचलला, की ओटीपोटाच्या खालच्या हाडात अशी कळ जायची, की जणू कुणी दोन्ही बाजूंनी धरून शिवण टराटरा उसवतंय. मग ती भिंतीला हात टेकून तशीच उभी. एक पाय आत, एक बाहेर.

"अगं, पडशील ना!" नवरा दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत यायचा.

"पडले तर पडले. निदान आडवं व्हायला तरी मिळेल."

आडवं होऊनही सुख कुठे होतं? कूस बदलायची म्हटली तरी जांघेत चमक. डॉक्टरीण तपासायची आणि म्हणायची, बाळ उत्तम आहे. बाळ उत्तम, वजन उत्तम, ठोके उत्तम. बाळाला घेऊन फिरणारीचं काय, ते कुणी विचारेना.

घरात सासूबाईंचं औषध तयारच होतं. "उकिडवं बसून फरशी पूस. मी दिवस भरेपर्यंत पुसली. वाट मोकळी होते, बाळंतपण सुळकन होतं." त्या वाईट बाई नव्हत्या, पण स्वतःच्या अंगावर निभावलं ते साऱ्या जगाला निभावेल, असा त्यांचा हिशेब. कॉलरवालीने आठ दिवस फरशी पुसली. नवव्या दिवशी बसली ती उठेचना. शेवटी नवऱ्याने एका काखेत, सासूबाईंनी दुसऱ्या काखेत हात घालून तिला गोणीसारखं वर ओढलं.

"वाट मोकळी झाली का बघा," ती दात आवळून म्हणाली.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. इथे जावयाचा पत्ता नव्हता, तरी अख्खी गल्ली डॉक्टर झाली होती. एक म्हणे खूप चाल, दुसरी म्हणे मुळीच चालू नको, तिसरी म्हणे मुलगा असला की असंच दुखतं.

हे सगळं तिने सोसलं असतं. खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलरच्या मशीनवर होती. तिथे बायका ज्या भागावर बसतात त्या भागाच्या नावानेच ओळखल्या जातात. बाहीवाली, खिसेवाली, काजवाली. कॉलर म्हणजे शर्टाचं तोंड. तिची टोकं बोथट झाली की बाकी शर्ट कितीही देखणा असो, गेला कामातून. सात वर्षं धाग्यांच्या टेबलाशी उभं राहून, लोंबती टोकं कापून कापून, तेव्हा कुठे तिला ही खुर्ची मिळाली होती. मिळाली कधी, तर आधीची कॉलरवाली बाळंतपणाला गेली तेव्हा. परत आली तर खुर्ची भरलेली. ती बाई आता धाग्यांच्या टेबलाशी उभी असते. म्हणजे खुर्ची कशी जाते हे कॉलरवालीने स्वतः तिच्यावर बसून पाहिलं होतं. म्हणून तिने ठरवलं होतं, बाळंतपणाची सुट्टी लागेपर्यंत एक दिवस जागा सोडायची नाही, कुणाला निमित्त द्यायचं नाही.

पण अंग ऐकत नव्हतं. दुपार झाली की उजवी जांघ पेटायची. तिने सुपरवायझरकडे गादीची खुर्ची मागितली.

"बसून तर काम आहे तुझं," तो म्हणाला. "उभं राहणाऱ्यांनी काय म्हणायचं मग?"

"उभं राहणाऱ्यांच्या पोटात कुणी लाथा मारत नाहीये, साहेब."

शेजारची खांदेवाली फिसकन हसली. शर्टाचे खांदे जोडून त्यावर कॉलर बसवायची हे तिचं काम. जीभ तिच्या कात्रीहून धारदार. तिने घरून जुनी उशी आणून दिली. उशी आली, पण दुखणं तसंच राहिलं.

शेवटी नवऱ्यानेच दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडे नेलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "नेमकं कुठे दुखतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबल्या. ते ऐकूनच हिच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेच्या हाडांचे सांधे या दिवसांत सैल होतात, त्यातून हे होतं, बाळाला धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. फरशी पुसणं बंद. पायजमा खाटेवर बसून घालायचा. कूस बदलताना गुडघे जुळवून, मध्ये उशी. जिना एकेक पायरी. पोटाखाली पट्टा. "एकच लक्षात ठेवा, ताई. दोन्ही गुडघे एकमेकांना सोडून जाता कामा नयेत."

"नव्या नवरीसारखे," नवरा म्हणाला, आणि दोघींनी एकदम बघितल्यावर भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला.

पंधरा दिवस तिने सगळं अगदी तंतोतंत केलं. सासूबाई कुरकुरल्या, "आजकाल पायजमासुद्धा बसून!" तिने कानाआड केलं. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं, आणि कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा तेच. व्यायामाच्या बाईंकडे परत गेली तेव्हा ती चिडलेलीच होती.

"तुमचं काही लागू पडत नाही. दिवसभर बसूनच असते मी. एका जागी. आणखी काय करू, मशीनवर झोपू?"

"कसं बसता ते दाखवा बरं." बाईंनी एक स्टूल पुढे केलं. "समजा, समोर मशीन आहे."

ती बसली. हात हवेत धरले, नसलेलं कापड नसलेल्या सुईखाली सरकवलं. एक बाजू शिवली, टोकाशी थांबली, कापड वळवलं, दुसरी बाजू.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे काय केलंत?"

"टोक वळवलं."

"हातांनी नाही. खाली बघा. पुन्हा करा."

तिने पुन्हा केलं, आणि या वेळी खाली बघितलं. टोक आलं, तसा तिचा उजवा गुडघा आपणहून बाहेर फेकला गेला, आणि परत आत आला. तिने मुळीच सांगितलं नव्हतं त्याला.

"अगं बाई!"

मशीनला कापड दाबून धरणारा लोखंडी पाय असतो. कापड वळवायचं तर तो उचलावा लागतो, आणि तो उचलायला टेबलाखाली एक दांडा असतो, गुडघ्याने बाहेर ढकलायचा. प्रत्येक कॉलरला चार वेळा. इतक्या वर्षांत आपण हे करतोय याची तिला शुद्धच उरली नव्हती. नाकाने श्वास किती वेळा घेतला हे कोण मोजतं? मशीनचा पाय उचलता उचलता तिने आपला मोडून घेतला होता. तिला हसू येईना आणि रडूही येईना, नुसता संताप आला. पंधरा दिवस खाटेवर बसून पायजमा घातला, आणि इकडे दिवसाला शेकडो वेळा हे चाललं होतं!

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सरळ सांगितलं, दांडा काढते, पाय हाताने उचलते. मशीनच्या मागे त्यासाठी छोटा खटका असतोच.

"हाताने? म्हणजे काम निम्म्यावर. खांदेवाली काय माश्या मारणार?" त्याने मान हलवली. "तू असं कर, धाग्यांच्या टेबलावर जा थोडे दिवस. तुझ्याच भल्यासाठी."

"उभं राहून?"

"मग घरी बस."

भल्याचं नाव घेऊन किती वाईट करता येतं! ती वळून मशीनशी गेली. वाकता येत नव्हतं, म्हणून खांदेवालीला म्हणाली, "जरा खाली जा आणि त्या दांड्याचा स्क्रू सोड."

"नोकरी घालवशील माझी," म्हणत ती टेबलाखाली शिरलीसुद्धा.

पहिला तास वाईट गेला. टोक आलं की गुडघा उडायचा, दांडा सापडायचा नाही, कळ मात्र यायची. तिने ओढणीने दोन्ही गुडघे एकत्र बांधले. हात खटक्याकडे न्यायचा, परत आणायचा. खांदेवालीसमोर नुसत्या बिनकॉलरचे शर्ट साचले.

"बाई गं, शर्टांचे गळे कापल्यासारखे वाटायला लागलेत," ती पुटपुटली.

"गप्प बस, विचार करतेय."

विचार असा होता, की टोकाशी वळायलाच कशाला हवं? सगळ्या कॉलरींची आधी नुसती लांब बाजू शिवायची, एकीमागून एक, दोरा न कापता, पाय न उचलता, माळ ओवल्यासारखी. मग माळ कापायची, आणि शिवलेली कड दुमडून आखूड बाजूंची तशीच माळ. वळणच नाही, तर उचलणार काय? तिने दहा कॉलरी केल्या, उलटवल्या, नखाने टोक काढलं. टोक सुईसारखं निघालं. मग तिने मान वर केली नाही. जेवायलाही उठली नाही. उठायचं म्हणजे अर्धं युद्ध, ते कशाला दोनदा?

दुपारी सुपरवायझर आला. माळा बघून ओरडला, "ही कुठली पद्धत? असं कुणी सांगितलं?" एक कॉलर उचलली, टोक चेपून बघितलं. दुसरी उचलली. खोट शोधत होता, सापडेना. संध्याकाळपर्यंत खांदेवालीसमोरचा ढीग उतरला. अगदी रोजच्याइतकं काम झालं नाही, पण कुणाला बोट दाखवता येईल इतकं कमीही नाही. जांघ ठणकत होतीच. पण ती ठणक होती, आग नव्हती.

घंटा झाली. बायका उठल्या. ती बसून राहिली.

"चल, दिवे घालवायचेत," सुपरवायझर चाव्या वाजवत म्हणाला.

"साहेब, ही खुर्ची माझी का?"

"बसली आहेस ना तिच्यावर? बस सुट्टी लागेपर्यंत."

"आणि सुट्टीवरून आल्यावर?"

"नंतरचं नंतर बघू."

"नंतरचं आत्ता बघा. मला उठायला तसाही वेळ लागतो. आज जास्त लागेल."

दारात गेलेल्या बायका वळल्या. खांदेवालीने पिशवी परत टेबलावर ठेवली. धाग्यांच्या टेबलाशी उभी असलेली बाई हातातली कात्री घेऊन तशीच थांबली. सुपरवायझरने घड्याळ बघितलं, बायका बघितल्या, पोट बघितलं.

"वैताग आहेस तू," तो म्हणाला. "बरं. तुझीच खुर्ची. सुट्टी संपली की ये आणि बस. आता तरी उठ."

"जरा मोठ्याने बोला."

"तुझीच खुर्ची!"

"ऐकलं हो आम्ही," खांदेवाली म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."

मग कॉलरवालीने गुडघ्यांची ओढणी सोडली. खुर्चीच्या कडेला सरकली. दोन्ही पाय जुळवून जमिनीवर टेकवले, टेबलाची कड धरली, दम घेतला, आणि खांदेवाली हात पुढे करायला लागली तशी तिच्यावर खेकसली, "ओढू नकोस. हळू. मी सांगते तेव्हा." सुपरवायझर चाव्या धरून उभा राहिला, आणि तिचं उठणं संपेपर्यंत त्याला थांबावं लागलं.