शेंदूर लावलेला नाग

आमच्या कॉलनीच्या चेअरमनने नाईक बाळूला फसवलं. मलाही फसवलं, पण मी जिवंत आहे, म्हणून लिहितोय.

मी पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो. बाळू नाईकाच्या हुद्द्यावर, माझ्याच प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर. राजस्थानच्या सीमेवर आम्ही एका तंबूत राहिलो. तिथे साप-विंचू फार, म्हणून बूट उलटा आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, बिछाना जमिनीवर टाकायचा नाही. नियम मोडणाऱ्याला मी शिव्या घालायचो आणि बाळू हसायचा.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी एकलहऱ्याच्या रस्त्याला शेजारी शेजारी प्लॉट घेतले. भाव मीच पाडला. मालक शेवटी हात जोडून म्हणाला, "हवालदार, अंगावरचे कपडे तरी राहू द्या." मग भाजीचा धंदा शून्यातून उभा केला.

घरामागे मोकळं रान, नाला, उंदीर. म्हणजे साप येणारच. त्यांना मारायचं नाही, पण घरातही घ्यायचं नाही, असं ठरवलं. भिंतीला लागून लाकडं, विटा रचायच्या नाहीत. दाराखालची फट बंद. टिप्या कुत्र्याचं उष्टं लगेच उचलायचं, कारण उष्ट्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मुलगी मनी तेव्हा दुसरीत होती. तिला एकच ऑर्डर होती: साप दिसला की हात लावायचा नाही, मागे सरकायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची. रोज वदवून घ्यायचो. बायको म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, रिक्रूट नाही."

त्या वर्षी नागपंचमीला चेअरमनने गारुडी बोलावला. दात काढलेला नाग, फण्यावर शेंदूर. बायकांनी पूजा केली, पोरांनी हात लावले. मी मनीला घराबाहेर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमनला गाठलं.

"तो नाग कुठंय?"

"त्र्यंबकच्या डोंगरात सोडला. निश्चिंत राहा."

मी खुंटा हलवून बघणारा माणूस. पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं. प्रत्येक वेळी त्र्यंबकच.

गणपती उठल्यावर एका सकाळी मी मार्केटमध्ये होतो. गाळ्यावर बायकोचा फोन आला.

"धुण्याच्या दगडाखालून नाग निघाला. मनी ठीक आहे."

"चावला कुणाला?"

"बाळूभावजींना. बराच वेळ झाला."

"आणि आत्ता सांगतेस?" मी ओरडलो.

"कुणी नेऊच देईना. बोलणं जड झालंय त्यांचं. तुम्ही आधी निघा."

झालं होतं असं. टिप्या नागावर भुंकत होता. मनी शिकवल्याप्रमाणे मागे सरकली आणि तिने हाक मारली. बाळू कुंपण ओलांडून आला, कुत्र्याला पट्ट्याला धरून ओढलं. नाग त्याच्या मनगटाला डसला आणि नाल्याकडे निघून गेला. पण फण्यावरचा शेंदूर हाक ऐकून जमलेल्या सगळ्यांनी पाहिला होता. गर्दीने हात जोडले.

चेअरमन आला. "अरे, हा आपलाच नाग. फॉरेस्टवाले येतील म्हणून गारुड्याला मीच मागच्या प्लॉटमध्ये सोडायला सांगितलं होतं. दात माझ्यासमोर उपटलेत. काही होत नाही."

बायको रिक्षा आणायला निघाली, तर खुद्द बाळूने अडवलं. "वहिनी, बिनदाताचा हाय तो. हवालदाराच्या घरात राहून लय भित्र्या झाल्या तुम्ही. चहा टाका."

उपटलेले विषारी दात परत येतात. काही आठवड्यांत येतात. हे चेअरमनला माहीत नसेल, मान्य. पण नाग कुठे होता, ते माहीत होतं.

मी पोहोचलो तेव्हा बाळूच्या पापण्या मिटत होत्या. तोंडातून लाळ गळत होती. चेअरमन म्हणाला, "घाबरल्यामुळे होतंय." मी त्याला ढकलून बाजूला केलं. बाळूला उचलून टेम्पोत घातलं. ड्रायव्हरला सांगितलं, "सिव्हिल. थांबायचं नाही."

"बाळू, रिपोर्ट दे."

शब्द फुटेना. फ्रंटवर शत्रू जवळ असला, बोलता येत नसलं, की सेटचं बटण दोनदा दाबायचं. म्हणजे ऐकलं. मी माझं बोट त्याच्या मुठीत दिलं.

"ऐकतोयस?"

दोनदा दाबलं.

द्वारकेच्या चौकात पुन्हा विचारलं. एकदाच दाबलं. त्यानंतर नाही.

डॉक्टरांनी खूप धडपड केली. बाहेर येऊन एवढंच विचारलं, "चावल्याबरोबर का नाही आणलं?"

नाईक बाळूने वाळूच्या वादळात भरकटलेली गस्तीची पार्टी रात्रभर रेडिओवर बोलत राहून परत आणली होती. त्यातला एक मी. असा माणूस आपल्याच कॉलनीत, आपल्याच माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवून गेला.

दहाव्याला चेअरमन म्हणाला, "देवाची इच्छा." देवाने मला थाप मारली नव्हती.

बाळूची बायको अजून त्याच घरात राहते. चेअरमनसाहेब, तुमचं घर तिच्या समोरच आहे. रस्ता ओलांडा, तिच्या दारात उभे राहा आणि तिला सांगा: नाग मागच्या प्लॉटमध्ये असताना आम्हाला त्र्यंबक का सांगितलंत?